हळद घातलेली पेज

"वाढा, लाजू नका," असं तो म्हणायचा. आता तुम्हीच सांगा, हे वाक्य वाढणाऱ्यानं बोलायचं की जेवणाऱ्यानं? डाकबंगला सरकारचा, चूल सरकारची, कोंबडा दुसऱ्याच्या अंगणातला. आणि हा मांडी घालून बसलेला, डाव्या हातानं पट्ट्याचं बक्कल सैल करतोय आणि वाढणाऱ्यालाच धीर देतोय, "वाढा, वाढा, लाजू नका."

समोर मी त्याला साहेब म्हणत होतो, पाठीमागे 'तो'. आता समोर असण्याचा प्रश्नच उरलेला नाही, तेव्हा 'तो'च बरा. तो आमचा रेंजर होता आणि मी त्याच्या ऑफिसातला बाबू. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातलं गाव. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, त्याचंही नाही. त्याची मुलगी कुठंतरी सुखानं नांदत असेल, तिचा यात काय दोष?

एकदा दौऱ्यावर मीही सोबत होतो. कूप पाहायचा होता, म्हणजे त्या वर्षी तोडायला दिलेला जंगलाचा तुकडा. कूप त्यानं जीपमध्ये बसून पाहिला आणि जेवण मात्र उतरून पाहिलं. गावातल्या एका गोंड म्हातारीच्या दारात कोंबडी नव्हती. याला संशय आला. चपराशी दशरथनं आत डोकावून पाहिलं, तर कोपऱ्यात टोपलीखाली एक कोंबडी.

म्हातारी हात जोडून म्हणाली, "साहेब, ते नोका नेऊ. अंड्यावर बसली हाये ते."

"मग अंडीही आणा," तो म्हणाला आणि हसला. तो हसला म्हणून गार्ड हसले. डाकबंगल्यावर दशरथनं अंडी फोडली तेव्हा आत अर्धीमुर्धी पिल्लं निघाली. तेवढी मात्र त्यानं परत पाठवली. "त्या म्हातारीला द्या," म्हणाला. असला दिलदार माणूस.

आमची क्वार्टर शेजारी शेजारी होती, मध्ये बांबूच्या ताट्यांचं कुंपण. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो. साहेब स्वतःला वतनदार घराण्याचा म्हणवायचा. वतन कुठलं ते कोणी पाहिलं नव्हतं. कधी आमच्या दारात उभा राहून बोलायचा, आत पाऊल टाकायचा नाही. माझी बायको सुमन पाण्याचा पेला घेऊन आली की त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "आत्ताच घेतलं." उन्हातून दौरा करून आलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडलेली दिसायची, पण आत्ताच घेतलं! गोंडाघरची कोंबडी चालायची, कारण ती दशरथ शिजवायचा आणि भांडी डाकबंगल्याची असायची. आमच्या माठातलं पाणी चालत नव्हतं. कोंबडीला जात नसते वाटतं, पाण्याला असते.

बुद्धपौर्णिमेला सुमन शेजाऱ्यांना खीर द्यायची. त्याच्याकडचा डबा अगदी स्वच्छ घासून परत यायचा, आणि त्याच्या अंगणातला कुत्रा दुपारभर मिशा चाटत पडलेला असायचा. मी म्हणायचो, "दरवर्षी काऊन देतेस?" ती म्हणायची, "कुत्रा तं खाते ना."

तर असा तो खात गेला आणि फुगत गेला. वजन किती, ते लाकडाच्या डेपोतल्या काट्यालाच ठाऊक. जीप त्याच्या बाजूला कायमची कलली होती. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि टेकडीवरच्या कूपात पायी जाऊ म्हणाले. अर्ध्या चढावर हा बसला तो बसलाच. ओठ निळे पडले. शेवटी बैलगाडी बोलावून त्याला खाली आणलं. बैलांची दया आली मला, त्याची नाही.

त्याचा साडू मुंबईत मोठा सर्जन होता, परदेशात शिकून आलेला. त्यानं तपासलं आणि तोंडावर सांगितलं, असाच राहिलास तर मुलीचं लग्न पाहायला राहणार नाहीस. त्या काळात लठ्ठपणासाठी पोटाचं ऑपरेशन करतात हे आमच्या भागात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पोटाला आतून टाके घालून त्याची वाटीएवढी पिशवी करून टाकायची, म्हणजे माणूस खाईल किती? हे मला फार नंतर कळलं. ऑफिसात त्यानं सांगितलं ते एवढंच, की तो मुंबईला ट्रेनिंगला चाललाय.

चांगल्या सहा महिन्यांनी परत आला तेव्हा दशरथनं त्याला ओळखलं नाही. जीपमधून उतरलेल्या माणसाला तो म्हणाला, "साहेब कुठी हायेत जी?" गालांच्या पिशव्या लोंबत होत्या, गळ्याखालची कातडी सैल सुटली होती, खाकी पँटच्या कमरेला चुण्या पडल्या होत्या. पट्ट्याला दाभणानं नवी भोकं पाडलेली. केसही विरळ झालेले. "हवापाणी बदललं," एवढंच म्हणाला.

गाव कसलं ऐकतंय! आठवडी बाजारात जितकी तोंडं तितके रोग. कोणी म्हणे क्षय, कोणी म्हणे पोटात गाठ. दशरथ तर शपथेवर सांगायचा, "करणी हाये, बाबू. त्या कोंबडीवाल्या बुढीनं केली." मी म्हटलं, असं असेल तर त्या बुढीचा सत्कार करू आपण. दशरथ घाबरून इकडेतिकडे बघायला लागला.

आता तुम्हाला वाटेल, निदान कोंबड्या तरी सुटल्या असतील. छे! दौरा निघाला की पहिल्यासारखाच निरोप पुढे जायचा. कोंबडी कापली जायची, शिजायची, याच्यापुढं ताट यायचं. हा बक्कल सैल करायचा, खरं तर ते सैलच होतं, आणि म्हणायचा, "वाढा, लाजू नका." मग रस्सा बोटानं चाटल्यासारखं करायचा, भाताची दोन शितं तोंडात ठेवून चघळत बसायचा आणि कागदपत्रं बघायचं निमित्त करून उठायचा. ताट दशरथ आणि गार्ड संपवायचे. खाता येत होतं तेव्हा नेली, एक वेळ समजू शकतो. खाता येत नाही तरी नेतोय! का, तर साहेब कोंबडी मागत नाही म्हणजे साहेबाला काहीतरी झालंय असं लोक म्हणतील. आपली अब्रू झाकायला लोकांच्या अंगणातली कोंबडी. थू त्या अब्रूवर.

घरी वेगळाच खेळ चालला होता. घरात राज्य त्याच्या आईचं. सगळे तिला आईसाहेब म्हणायचे. ऑपरेशनचं बायकोला माहीत होतं, आईसाहेबांना नव्हतं. म्हातारीचा नेम असा, की मुलाचं ताट रिकामं झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही. लहानपणापासूनचा नेम. त्यानं पानात टाकलं की ती उपाशी. मग हा आईकडं बघत घास ढकलायचा आणि मागच्या कुंपणाशी येऊन सगळं ओकून टाकायचा. लहान मुलासारखा तोंड पुसत परत जायचा आणि आईला सांगायचा, पोट भरलं.

एका दुपारी सुमन मागे भांडी घासत होती. ताट्यांच्या पलीकडून ओकाऱ्यांचा आवाज आला. तिनं फटीतून पाहिलं तर साहेब गुडघ्यांवर.

"साहेब, काय होऊन राह्यलं जी?"

तो दचकला. "काही नाही, काही नाही. पित्त झालंय."

"पित्त असं रोज नाई होत. मी रोज ऐकून राह्यली ना." मग ती म्हणाली, "कण्याची पेज हाये. पातळ. देऊ काय? पोटाले सोसते."

त्यानं आधी स्वतःच्या घराकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं, आणि मान हलवली. 'आत्ताच घेतलं' म्हणाला नाही.

मी दुपारी जेवायला घरी आलो तर मागच्या पडवीत, आमच्या बुटक्या पाटावर, आमची वाटी हातात घेऊन रेंजर साहेब! चमचा चमचा पेज ओठांनी ओढत होता, थांबत होता, छातीवर हात ठेवून आत काय होतंय ते ऐकत होता, मग पुढचा चमचा. मला पाहून उठायला गेला.

"बसा," सुमन म्हणाली. "घाई केली का वर येईन."

"बाबू," तो मला म्हणाला, "कुठं बोलू नका हां."

काय बोलू नको, विचारा! आजारी आहे हे, की आमच्या घरी जेवला हे? मी विचारलं नाही. दोन्ही असणार. मग तो रोज यायला लागला. ताट्यांमधली एक ताटी त्यानं स्वतःच्या हातानं सैल केली, तिथून अंग चोरून आत यायचा. पूर्वी त्याची नुसती मांडी त्या फटीतून गेली नसती. येताना दोन्हीकडं बघायचा, जाताना दोन्हीकडं बघायचा. पेज घ्यायचा, पाणी मात्र अर्ध्या तासानं प्यायचा, कारण डॉक्टरनं जेवताना पाणी बंद सांगितलं होतं. आमच्याच माठातलं प्यायचा.

मी सुमनवर भडकलो. "त्याला आपलं पाणी चालत नव्हतं! खीर कुत्र्याला घालत होता!"

"मंग आता मी त्याले कुत्र्यापेक्षा कमी समजू काय?" ती म्हणाली. "आन तुम्ही काऊन जळून राह्यले? कण्याच तं हायेत."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. पण त्या पडवीत तो जे बोलायचा ते मीही ऐकायचो, खोटं कशाला सांगू. ऑपरेशनचं सगळं त्यानं सुमनलाच सांगितलं, मला नाही. त्याच्या काळज्या म्हणजे बघण्यासारख्या. जिंदगीभर असंच राहणार का? प्रवासात काय खायचं? कोणाच्या लग्नाला गेलो तर पंगतीत बसायचं, की बाहेर जीपमध्ये? जेवताना ठसका लागला तर पाणी प्यायचं की नाही? एक घास जास्त गेला तर टाके तुटतात म्हणे, मग तो जास्तीचा घास कोणता हे आधी कसं कळणार?

"भूक लागते काय?" सुमननं विचारलं.

"पोट भरतं, बाई. डोळे भरत नाहीत. दुसऱ्याच्या ताटाकडं बघत बसतो." मग खाली बघून म्हणाला, "मी खाणारा माणूस. गावोगाव लोक मला त्याच्यावरून ओळखतात. खात नाही तर मी आहे कोण?"

तोंडाशी उत्तर आलं होतं माझ्या. सुमननं डोळे वटारले म्हणून गिळलं.

आता खरी गोष्ट सांगतो. त्याची मुलगी, तिला सगळे बेबी म्हणायचे, शांत पोरगी, बापासारखी मुळीच नाही. तिचं एक स्थळ आधीच मागे गेलं होतं. मुलीच्या बापाला क्षय आहे, रोग रक्तात असतो, असं कोणीतरी तिकडं पोचवलं होतं. आता वरोऱ्याकडचं दुसरं स्थळ आलं. मुलाचा बाप जुना बागायतदार, धोतर आणि झुपकेदार मिशा. त्यानं साफ निरोप पाठवला, की आम्हीही काही ऐकलंय. बोलाचाली कशाला, आम्ही येतो, व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवतो, मग सुपारी फोडू.

म्हणजे परीक्षा जेवणाची! ज्या माणसानं जन्मभर त्याच एका विषयात पहिला नंबर काढला, त्याची. मला हसू आलं. मग बेबीचा चेहरा आठवला आणि हसू गेलं.

तो आमच्या पडवीत येऊन डोकं धरून बसला. मी म्हणालो, "साहेब, खरं सांगून टाका. क्षय नाही, गाठ नाही, ऑपरेशन केलंय म्हणा."

"काय सांगू? खाऊन खाऊन इतका फुगलो की पोट शिवून घ्यावं लागलं? हसतील लोक!"

"हसू द्या. हसण्यानं लग्न मोडत नाही."

"पोट शिवलेल्या माणसाच्या मुलीला कोण करेल, बाबू? म्हणतील, उद्या सुनेचंही शिवावं लागेल." त्याचे डोळे भरून आले. मला दया यायला हवी होती. मला त्या कोंबडीवाल्या म्हातारीच्या दाराचा उंबरा आठवत होता.

युक्ती सुमनची. कण्यांची पेज पातळ करायची, चिमूटभर हळद घालायची, वर कढीपत्त्याची दोन पानं. दिसायला कढीच. दशरथनं इतरांना कढी वाढायची आणि साहेबापुढं ही वाटी ठेवायची. बाकी ताटात सगळं वाढायचं, साहेबानं चिवडल्यासारखं करत पेजेवर निभावून न्यायचं. व्याही घास भरवायला आले तर घास लहान घ्यायचा आणि गालात धरायचा. सगळा विचार झाला होता. कार्याच्या सकाळी बेबी स्वतः त्या सैल ताटीतून डबा न्यायला आली.

"काकू," ती म्हणाली, "बाबांना जमेल ना?"

"जमते वं माय," सुमन म्हणाली आणि डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

अंगणात मांडव. ऑफिसातल्या सगळ्यांना कामं वाटून दिलेली. मला पाणी वाढायला सांगितलं नव्हतं, हे सांगायला नकोच. पाहुण्यांच्या गाड्या आणि ड्रायव्हर माझ्याकडं. मी मांडवाच्या कडेला, कुंपणाजवळ उभा. सुमन कुंपणापलीकडं.

पंगत बसली. व्याही आणि तो शेजारी शेजारी. बुंदीचे लाडू, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरणभात, कढी. यानं बक्कल सैल केलं, "वाढा, लाजू नका" म्हणाला, आणि भातावर थोडी पेज ओतून हळूहळू खायला लागला. व्याही तिरक्या नजरेनं बघत होते. थोड्या वेळानं त्यांची मान डोलली. "वा! कढीवर भारी जीव दिसते तुमचा."

"लहानपणापासून," तो म्हणाला. मी दाद दिली मनात. खोटं बोलायला त्याला कधी सर्जन लागला नाही.

मग घास भरवायची वेळ आली. आपल्याकडं व्याही एकमेकांना घास देतात, आडवा हात करणं म्हणजे अपमान. व्याह्यांनी दिलेला पुरीचा तुकडा यानं गालात धरला. आणि व्याह्यांनी तोंड पुढं केलं. "आता तुमच्या ताटातला द्या."

घ्यायच्या घासाचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता, द्यायच्या घासाचा कोणीच नाही! त्याचा हात ताटावर थांबला. कोरडं असं ताटात काही त्यानं ठेवलंच नव्हतं, लाडवापासून भाजीपर्यंत सगळं पेजेत कालवून पसरलेलं. शेवटी भाताचा घास उचलला आणि भरवला. व्याह्यांनी चावला, थांबले, पुन्हा चावला.

"ही कढी आंबट कशी नाई? ही तं कण्याची पेज हाये!"

आईसाहेब दारातून म्हणाल्या, "आमच्या चुलीवर पेज झालीच नाही."

"मंग आली कुठून?"

सगळे दशरथकडं बघायला लागले. दशरथला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "बाबूच्या घरून जी."

 व्याह्यांच्या घशातून घास खाली गेला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "पेज आजाऱ्याले देतात," ते हळू म्हणाले. "आन ते बी यांच्या घरून मागवावं लागते?"

त्या एका क्षणी मला वाटलं, आता बोलेल. लपवायला काहीच शिल्लक नव्हतं. शेजारच्या बाईनं मला जगवलं, एवढं एक वाक्य. सुमन कुंपणाच्या फटीला डोळा लावून उभी होती, मला दिसत होती.

तो दशरथवर ओरडला. "गधड्या! कोणी ठेवली ही माझ्यापुढं? मला काय माहीत असलं! फेक ती!" आणि दशरथ हलेना म्हणून त्यानं स्वतःच वाटी उचलून मांडवाबाहेर भिरकावली. ती कुंपणाला लागली. पिवळी पेज ताट्यांवरून खाली ओघळली.

मग तो मोठ्यानं हसला. "आजारी? मी? आणा लाडू!"

आणि त्यानं लाडू खाल्ला. अख्खा. व्याह्यांनी दुसरा भरवला, तोही खाल्ला. मग पुरी, मग भाजी, मग आणखी लाडू. मी त्याच्या कपाळावरचा घाम पाहत होतो. कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडत होत्या. बेबी दाराची चौकट धरून उभी होती, आणि आपला बाप काय करतोय हे तीही जाणत होती. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "बस, बस! काही रोगबीग नाई. सुपारी आणा." सुपारी फुटली. तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला, ताठ चालत घराच्या मागे गेला आणि सैल ताटीपाशी कोसळला.

मी धावलो तोवर सुमन पोचली होती. तिनं त्याचं कपाळ धरलं होतं आणि तो ओकत होता. त्यात रक्त होतं. तिकडं मांडवाच्या बाजूला कुंपणावरून तिचीच पेज ठिबकत होती. मर, असं वाटलं मला. अगदी खरं सांगतो, मर एकदाचा, असंच वाटलं.

"पाहून काय राह्यले?" सुमन माझ्यावर ओरडली. "जीप काढा!"

जीप माझ्याच ताब्यात होती. त्याला मागच्या बाजूनं चढवलं, त्याच्या बायकोला सोबत बसवून चंद्रपूरला पाठवलं, आणि मांडवात जाऊन पाहुण्यांना सांगितलं, कूपात वणवा लागलाय, साहेब तिकडं गेले. हे बेबीसाठी, त्याच्यासाठी नाही. व्याही भारावले. "काय तडफदार माणूस! जेवणावरून उठून गेला." मी मान हलवली.

तो वाचला. असली माणसं वाचतात. बरेच दिवस दवाखान्यात काढून परत आला, आणखी वाळून. लग्न झालं, चांगलं झालं. कन्यादान होईपर्यंत मुलीचा बाप उपाशीच असतो, म्हणून त्या दिवशी कोणी त्याच्या ताटाकडं पाहिलं नाही. आईसाहेबांना दवाखान्यातच सगळं कळलं होतं. त्यांनी नेम सोडला म्हणे. पण आमच्या पडवीत तो पुन्हा आला नाही. ताटी त्यानं परत बांधून घेतली होती, दशरथच्या हातून. सुमन कण्या आमच्यापुरत्याच शिजवायला लागली. ती त्याच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणं मला माझ्या शिव्यांपेक्षा जड वाटायचं.

पावसाळ्याआधी त्याची बदली सिरोंच्याला झाली. सामानाचा ट्रक भरला. आईसाहेब आणि बायको जीपमध्ये बसल्या. सगळा स्टाफ रस्त्यावर निरोपाला उभा, गार्ड, दशरथ, डेपोतली माणसं, आणि बाजाराचा दिवस असल्यामुळं येणारेजाणारेही थांबलेले. त्याच्या गळ्यात हार. जीपपाशी जाता जाता तो वळला आणि सरळ आमच्या पुढच्या दाराशी आला. सगळ्यांदेखत पायरीवर उभा राहिला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुमनबाई, पेज असेल तर द्या. इथंच बसून घेतो."

 आईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. माझा राग, इतक्या वर्षांचा, पायाखालून सरकल्यासारखा झाला. मी पुढं होऊन खुर्ची ओढायला गेलो.

सुमन हात पुसत दारात आली. त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या मागच्या माणसांकडं पाहिलं.

"हाये जी," ती म्हणाली. "मांगून या."

तो जागच्या जागी उभा राहिला. गळ्यातला हार त्यानं काढला, कुठं ठेवावा ते कळेना, तसाच हातात धरला. मग पायरी उतरला आणि क्वार्टरला वळसा घालून मागे निघाला. सगळे बघत होते. त्याच्या अंगावरचा खाकी शर्ट पाठीवर रिकामा हलत होता.

आत मी सुमनला हळू आवाजात विचारलं, "पुढून आला होता, तं पुढंच बसवायचं ना? एवढ्या लोकांत आला."

ती कण्यांच्या भांड्यात पळी फिरवत होती. "पुढच्या दारी तो लोकाईसाठी आला," ती म्हणाली. "मागच्या दारी भुकेसाठी येत होता. मी भुकेले वाढते." आणि वाटी घेऊन पडवीत गेली.

तो त्याच पाटावर बसला होता. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता, जीपमधून आईसाहेब हाका मारत होत्या. तो एक चमचा घ्यायचा, छातीवर हात ठेवायचा, थांबायचा, मग दुसरा घ्यायचा. त्याला घाई करता येत नव्हती.